टोक खाली

आमच्या लष्करी रस्त्यावर फोनला रेंज मिळते ती एकाच जागी, सातव्या वळणावर. गावातून निघाल्यावर सहा वळणं फोन मुका असतो, आणि सातव्याला खिशात एकदम टिंगटिंग सुरू होतं. वरच्या कुरणातले गुराखी घरच्यांशी बोलायला तिथवर उतरून येतात. कठड्याला टेकून बोलतात, म्हणून त्या कठड्याचे दगड गुळगुळीत झाले आहेत.

त्याच कठड्याखालच्या भिंतीला पोट आलेलं मी ऑगस्टच्या तेरा तारखेला संध्याकाळी पाहिलं.

दरीकडून रस्ता सावरून धरणारी ती भिंत नुसती दगडावर दगड ठेवून रचलेली आहे, चुना नाही, सिमेंट नाही. आत पाणी साठलं की मधले दगड बाहेर सरकतात आणि भिंत गाभण गाईसारखी दिसायला लागते. वरून काहीच कळत नाही. खडी जागेवर असते, कडेचं गवत जागेवर असतं. मी पहार टोचून पाहिली. ती हातभर आत गेली आणि मग खाली काही लागेचना.

या रस्त्यावर मी चाळीस वर्षं मैलकुली म्हणून काम केलं. कागदोपत्री निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण अवजारांच्या खोलीची किल्ली पंचायतीने परत मागितली नाही आणि मी दिली नाही. बर्फ वितळला की दरडीचे दगड बाजूला करायचे, मोऱ्या साफ करायच्या, चर उपसायचे. कोणी सांगितलं नाही तरी मी करायचो. मी नाही केलं तर करणार कोण, असं मी म्हणत असे. खरं म्हणजे घरी बसून बहिणीची बोलणी खाण्यापेक्षा ते बरं होतं.

रस्ता तोफा आणि खेचरं वर नेण्यासाठी बांधलेला. आता तोफा गेल्या, खेचरं गेली आणि सायकली आल्या. त्या इलारिओने आणल्या. हा आमच्या शेजारच्या घरातला मुलगा, आता पस्तिशीचा. शहरात सात वर्षं काढून बायकोला घेऊन परत आला आणि जुन्या बराकीत त्याने पाहुण्यांसाठी बारा खाटा मांडल्या. मग त्याने खोऱ्यातले सगळे कच्चे रस्ते सायकलवरून पालथे घातले आणि त्यांचे मार्ग आखले. आखले म्हणजे फोनमध्ये. फोनच्या नकाशावर एक निळी रेघ असते, आणि बाहेरगावची माणसं त्या रेघेमागून निमूट जातात. सायकलीही वेगळ्याच. ना डांबरावरच्या, ना डोंगरातल्या. हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं, टायर मध्यम जाड, खास खडीवर चालणाऱ्या.

मला सायकलींचा राग नव्हता. माणसं नमस्कार करायची, थांबून पाणी मागायची. राग आला तो जून महिन्यात.

आमच्या रस्त्यावर दर साठ पावलांवर एक चर आहे. लार्चच्या झाडाची दोन लांब लाकडं तिरकी आडवी पुरायची, मध्ये वीतभर फट ठेवायची. वरून आलेलं पाणी त्या फटीत पडतं आणि कडेने दरीत उतरतं. गाडीचं चाक त्यावरून जातं, गाईचा पाय जातो. सायकलचं चाक मात्र अडकतं. दोघेतिघे पडले, एकाचा दात गेला. इलारिओने सहाव्या आणि सातव्या वळणामधले तीन चर खडी टाकून बुजवले. मला विचारलं नाही.

मी त्याला स्पिरितोच्या खानावळीत गाठलं. स्पिरितो म्हणजे आमचा सरपंच. खानावळही त्याचीच, त्यामुळे गावचा कारभार बऱ्याचदा दारूच्या ग्लासाशेजारीच होतो.

"कोणाला विचारून बुजवलेस?" मी म्हटलं.

"बार्बा, बसा तर आधी," इलारिओ म्हणाला. आमच्याकडे धाकटी माणसं मोठ्यांना बार्बा म्हणतात, काका म्हणावं तसं. "पंचायतीला सांगितलं होतं मी."

"पंचायत म्हणजे हा स्पिरितो. याला चर आणि गटार यांतला फरक कळतो का?"

"अरे, मला कशाला मध्ये ओढतोस?" स्पिरितो ग्लास पुसत म्हणाला.

"पाणी कुठून जाणार?" मी इलारिओला विचारलं.

"तीनच तर बुजवलेत. बाकीचे आहेत की. आणि पाऊस तरी कुठे पडतोय हल्ली."

"पाण्याला वाट दिली नाहीस तर ते आपली वाट स्वतः काढतं. भिंतीच्या पोटातून काढतं."

"बार्बा दाल्मास," तो हसून म्हणाला, "तुम्ही त्या चरांना पोटच्या पोरांसारखं सांभाळता. लग्न केलं असतंत तर रस्त्याचे एवढे लाड झाले नसते."

खानावळ हसली. मीही हसलो असतो, तो काही वाईट बोलला नव्हता. पण तिथे दोन पाहुणे सायकलवाले बसले होते, आणि तेही हसले. ते मला लागलं.

निघताना तो माझ्यामागे दारापर्यंत आला. "रागावू नका. एक करा. रस्त्यावर काही दिसलं, दगड, खड्डा, काहीही, तर मला नुसता एक फोन करा. मी दोन मिनिटांत रेघ दुसरीकडून काढतो. तुमच्यासारखे डोळे माझ्याकडे नाहीत."

मी म्हटलं, "मी तुझ्या रेघेचा नोकर नाही."

तर तेरा तारखेच्या संध्याकाळी मी सातव्या वळणावर उभा होतो. हातात पहार. भिंतीला पोट. खिशात फोन टिंगटिंग करत होता, बहिणीने दोनदा लावला होता. बुजवलेला चर माझ्यापासून वीस पावलांवर होता आणि त्याच्यावरून आलेल्या पाण्याची वाट खडीत स्पष्ट दिसत होती, सरळ भिंतीकडे गेलेली. माझं बोलणं खरं झालं होतं. मनात पहिलं काय आलं असेल तर तेच: खरं झालं. भीती नंतर आली.

फोन मी केला नाही. आमच्याकडे वाट बंद करायची एक रीत आहे, ती मी केली. रस्त्याच्या दोन बाजूंना दोन दगड ठेवले, त्यांवर गुडघ्याएवढ्या उंचीवर एक आडवं लाकूड टाकलं आणि लाकडाला देवदाराची फांदी बांधली, टोक खाली करून. टोक खाली म्हणजे पुढे जाऊ नका. गवत राखायचं असो, पूल तुटलेला असो, घरात सांसर्गिक आजार असो, आमच्या खोऱ्यात खाली टोकाची फांदी कोणी ओलांडत नाही. लहान मूलही नाही. माझ्या आजोबांनी ओलांडली नाही, त्यांच्या आजोबांनी नाही.

वळणाच्या दुसऱ्या बाजूलाही तसंच केलं. मग पहार खांद्यावर टाकून खाली आलो. इलारिओच्या बराकीवरून आलो. तो अंगणात एका पाहुण्याचं चाक फिरवून बघत होता. "या बार्बा, कॉफी घ्या," म्हणाला. मी हात हलवला आणि पुढे गेलो. म्हटलं, परवा सण झाला की सांगू. किंवा त्यालाच दिसेल. फांदी बघेल आणि येईल माझ्याकडे विचारत. यावंच त्याने, असं मला वाटत होतं.

पंधरा तारखेला मरियामातेची मिरवणूक असते. आदल्या दिवशी गावातली पोरं देवळापासून सहाव्या वळणावरच्या लहान देवळापर्यंत रस्त्याच्या कडेने काठ्या रोवतात आणि त्यांना देवदाराच्या फांद्या बांधतात, टोक वर करून. टोक वर म्हणजे सण. हे आमच्याकडे सांगावं लागत नाही.

मी दरवर्षी झेंडा धरतो. जड असतो, आणि वाऱ्यात फिरवायची एक युक्ती लागते. आम्ही चौथ्या वळणावर होतो, बायका गात होत्या, आणि खालून दरीतून हेलिकॉप्टर आलं. पिवळं, सुटकेचं. गाणं थांबलं. ते आमच्या डोक्यावरून गेलं, झेंडा माझ्या हातात फडफडून वाकला, आणि सगळ्यांनी वर पाहिलं. कोणी म्हणालं, कड्यावर कोणी अडकलं असेल. मी मात्र पाहत नव्हतो. मला आवाजावरूनच कळत होतं, ते कुठे थांबलंय.

बहीण मादलेना माझ्या मागे होती. ती म्हणाली, "दाल्मास, झेंडा खाली आलाय. वर धर."

मी झेंडा शेजारच्याच्या हातात दिला आणि चालू लागलो.

मी पोहोचलो तोवर हेलिकॉप्टरवाल्यांनी एका बाईला वर ओढून घेतलं होतं. मला फक्त स्ट्रेचरच्या कडेने लोंबणारा एक हात दिसला, बिनबोटांचा हातमोजा घातलेला. रस्त्याचा बाहेरचा अर्धा भाग नव्हताच. कठडा, भिंत, खडी, सगळं खाली गेलं होतं, आणि त्या दगडांमध्ये सायकल अडकली होती, एक चाक वर. पंचावन्न-साठीची बाई, एकटीच. पडल्यावर तिने स्वतःच फोन करून मदत मागवली. तिथे रेंज आहे ना. ज्या जागेवरून मी फोन केला नव्हता त्या जागेवरून तिने केला.

मग मी माझ्या फांदीकडे पाहिलं.

लाकूड जागेवर होतं. दगड जागेवर होते. फांदीचं टोक वर होतं.

मी जवळ गेलो. गाठ माझी नव्हती. मी सुतळीने बांधली होती. आता सुतळीवर एक निळा रबराचा पट्टा होता, दोनदा पिळून घातलेला. कोणीतरी फांदी सोडून, उलटी करून, नीट बांधली होती. टोक वर. सण आहे, या.

इलारिओ धावत वर आला. त्याने खाली पाहिलं आणि तो तिथेच रस्त्यावर बसला. "माझ्याकडेच उतरली होती," तो म्हणाला. "ओर्नेला. सकाळी दूध मागून घेतलं तिने. मीच सांगितलं, सातव्या वळणावरून दृश्य बघा." मग त्याचं लक्ष लाकडाकडे गेलं. "हे काय? हे कोणी लावलं?"

"मी," म्हटलं. "परवा. टोक खाली होतं."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. आणि त्या क्षणी माझ्या मनात आलं की हे यानेच केलंय. सणाला बारा खाटा भरलेल्या, मार्ग बंद ठेवायचा नव्हता, म्हणून फांदी फिरवली. हा विचार आला आणि मला एकदम हलकं वाटलं. ते मी लपवणार नाही. थंडीत कोणी अंगावर घोंगडी टाकावी तसं वाटलं.

फौजदार आला. दक्षिणेकडचा तरुण माणूस, आमच्या बोलीतलं अर्धंच कळणारा. त्याने फोटो काढले, टेप लावून मोजलं. मग सगळ्यांसमोर इलारिओला विचारलं, "हा मार्ग तुम्ही प्रसिद्ध केलात?"

"हो."

"आज सकाळी 'मार्ग खुला' असं लिहिलंत?"

"हो. मला कोणी काही सांगितलं नव्हतं."

"या माणसाने खूण लावली होती म्हणतात."

"मी इकडे दोन दिवस आलोच नाही, साहेब. पाहुणे होते."

स्पिरितो पुढे झाला. सरपंचाचा आवाज लावून म्हणाला, "दाल्मासने रीतीप्रमाणे वाट बंद केली होती. चाळीस वर्षांचा अनुभव आहे. आता फांदी कोणी फिरवली ते देव जाणे. पंचायतीकडून कसूर नाही." आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

आठ दिवसांत इलारिओच्या नावाने कागद आला. बाई वाचली होती, पण माकडहाड आणि खांदा मोडला होता, आणि तिच्या इजेला जबाबदार कोण याची चौकशी बसली. कागदावर नाव एकट्या इलारिओचं. मार्ग त्याचा, रेघ त्याची, 'खुला' हा शब्द त्याचा. त्याची बायको गावात कोणाशी बोलेना. खानावळीत मात्र मी शिरलो की लोक जागा करून द्यायचे. "दाल्मासने आपलं काम केलं होतं," म्हणायचे. "हे शहरातून परत आलेले लोक. यांना फांदी म्हणजे सरपण." माझ्यासमोर न मागता ग्लास यायचा. मी प्यायचो. फांदी कोणी फिरवली असेल यावर जो तो बोलायचा, आणि इलारिओचं नाव कोणी घेतलं की मी गप्प बसायचो. माझं गप्प बसणं म्हणजे हो, असं ते समजायचे, आणि मी समजू द्यायचो.

घरी मादलेना होती. तिला फसवणं कठीण. एका रात्री मक्याच्या पिठाचा पोलेंटा ढवळता ढवळता ती म्हणाली, "तेरा तारखेला मी तुला दोनदा फोन लावला."

"हो."

"वाजला. म्हणजे तू सातव्या वळणावर होतास."

"होतो."

"मग तिथूनच इलारिओला लावायचा होतास."

"मी फांदी लावली होती."

"फांदी आपल्यासाठी, दाल्मास. ती बाई आपली होती का?"

"त्याने फिरवली ती!" मी ओरडलो. "टोक वर केलं त्याने. धंद्यासाठी."

"तू पाहिलंस?"

मी पाहिलं नव्हतं.

"मग विचार कोणाला तरी, ज्याने पाहिलं असेल," ती म्हणाली आणि पोलेंटा फळीवर ओतला. "एकच माणूस आहे तसं."

म्हणून मी खाली कुनेओ शहरातल्या इस्पितळात गेलो. कुरणातल्या चीजचा तुकडा फडक्यात बांधून घेतला, रिकाम्या हाताने कसं जायचं. बसमध्ये मी एकच वाक्य घोळवत होतो: बाई, त्या सकाळी तिथे कोणी होतं का, तुम्हाला कोणी दिसलं का. तिने हो म्हणावं अशी माझी इच्छा होती. देवाकडे मी तेवढंच मागत होतो.

ती खिडकीजवळच्या खाटेवर होती. केस पांढरे, मानेपर्यंतचे, एका बाजूने विस्कटलेले. मी नाव सांगितलं, गाव सांगितलं. ती हसली. "तुम्ही त्या सुंदर रस्त्यावरून आलात," म्हणाली. "बसा. मला मान वळवता येत नाही, म्हणून जरा पुढे बसा."

मी चीज दिलं. तिने वास घेतला. "आमच्या फेर्रारात असलं मिळत नाही. आमच्याकडे चढ म्हणाल तर फक्त पुलांवर असतो. मी वर्षभर त्या पुलांवर सराव केला, तुमच्या डोंगरासाठी. नवरा म्हणायचा, तू वेडी आहेस." ती थांबली. "तो आता म्हणत नाही. नुसता बसून असतो इथे."

मी म्हटलं, "बाई, त्या सकाळी वळणाच्या अलीकडे एक लाकूड आडवं होतं."

"हो, हो. फांदीचं."

"तिथे कोणी माणूस दिसला का? फांदीपाशी कोणी काही करत होतं का?"

"माणूस? नाही. कोणीच नव्हतं. मीच होते." ती परत हसली, पण ओठ दुखल्यासारखं. "खालपासून सगळ्या रस्त्याला फांद्या लावल्या होत्या तुम्ही. सकाळच्या उन्हात काय दिसत होत्या. दर फांदीपाशी मी थांबत होते. आणि ती एकच बिचारी उलटी झाली होती, वाऱ्याने असेल. मला वाटलं, मिरवणूक येईल तेव्हा हे बरं दिसणार नाही. म्हणून सोडून सरळ केली. सुतळी सैल झाली, तर माझ्या केसांचा पट्टा लावला. आणि लाकूड गाई येऊ नयेत म्हणून असेल असं वाटलं, म्हणून सायकल उचलून पलीकडे घेतली, तुमचं काही पाडलं नाही." मग माझा चेहरा पाहून तिने विचारलं, "का हो? मी काही चुकीचं केलं का? तुमच्याकडे त्या फांदीला हात लावायचा नसतो का?"

मी काय बोललो ते मला आठवत नाही. नाही, नाही, असं काहीतरी. चीज लवकर खा, असंही बोललो असेन. दारापर्यंत गेलो आणि परत आलो. तिला सांगितलं. टोक खाली म्हणजे काय ते सांगितलं. मी ती कधी बांधली ते सांगितलं, आणि तेव्हा खिशात फोन होता तेही सांगितलं.

तिने फडक्यातलं चीज बाजूला ठेवलं. खिडकीतून छपरं दिसत होती.

"तुम्ही फोन का केला नाहीत?" तिने विचारलं. रागाने नाही. लहान मूल विचारतं तसं, उत्तर हवं म्हणून.

"त्याच्यावर रागावलो होतो."

"माझ्यावर नाही ना?"

"तुम्हाला मी ओळखतही नव्हतो."

"नाही," ती म्हणाली. "तेच."

परतताना बसमधून मी उतरलो तो सरळ आमच्या खोऱ्याच्या तोंडाशी, फौजदाराच्या चौकीत. त्याने खुर्ची दिली. "बोला आजोबा." मी सगळं सांगितलं. तो लिहीत गेला.

"फोन चालू होता?"

"होता."

"रेंज होती?"

"त्या रस्त्यावर रेंज तेवढ्या एकाच जागी असते."

"म्हणजे तुम्ही जाणूनबुजून कळवलं नाहीत."

"हो."

"आजोबा, तुम्हाला हे सांगायची गरज नव्हती. तुमच्यावर कोणी काही..." तो मध्येच थांबला. "वाचून सही करा."

मला वाचायला वेळ लागतो. अक्षरओळख पन्नाशीत झाली, ओळीखाली बोट धरून जावं लागतं. तो घड्याळ न बघता बसून राहिला. कागदावर सगळं बरोबर होतं. एक गोष्ट नव्हती, बुजवलेले चर. त्याने विचारलं नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं. सही केली.

गावात बातमी माझ्या आधी पोहोचली. स्पिरितो खानावळीच्या पायरीवर उभा होता.

"शहाणा झालास?" तो म्हणाला. "किल्ली पंचायतीची, माणूस पंचायतीचा. आता कागद पंचायतीवर येणार. इलारिओ सुटेल आणि गाव अडकेल. तुझी जीभ तोंडात राहत नव्हती का?"

"महिनाभर राहिली की," मी म्हटलं.

"किल्ली दे."

मी दिली. पन्नासेक वर्षं ती माझ्या पट्ट्याला होती. पट्टा हलका झाला, आणि चालताना कित्येक दिवस मला वाटायचं, पॅन्ट घसरतेय. खानावळीत परत गेलो तेव्हा जागा कोणी केली नाही.

त्याच आठवड्यात इलारिओ आला. दारात उभा राहिला, आत आला नाही. मादलेनाने कॉफी ठेवली, तरी आला नाही.

"त्या संध्याकाळी मी तुम्हाला कॉफीला बोलावलं होतं," तो म्हणाला. "अंगणात. आठवतं?"

"आठवतं."

"तुम्ही हात हलवलात. तिथे थांबून दोन शब्द बोलला असतात, बार्बा. फोनसुद्धा नको होता."

"हो."

"आणि मग महिनाभर लोक म्हणत होते फांदी मी फिरवली, आणि तुम्ही तिथे बसून पीत होतात."

 

तो जायला वळला आणि परत वळला. आवाज खाली आला. "चरांचं सांगितलंत त्यांना? मी बुजवलेल्या?"

"नाही."

"का?"

"मी माझं सांगायला गेलो होतो. तुझं नाही."

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. मग तो पायऱ्या उतरून गेला. त्यानंतर तो चौकीत गेला का, ते मला ठाऊक नाही. कोणी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. त्याच्या नावाचा कागद मागे घेतला गेला, एवढं कळलं.

पुढच्या उन्हाळ्यात भिंत नवी झाली, सिमेंटची. तिथे लोखंडी फाटक आहे आणि चार भाषांत पाटी आहे. निळी रेघ परत त्याच रस्त्याने जाते. ओर्नेला बाईंनी नाताळात कार्ड पाठवलं, काठी घेऊन चालते म्हणून. सायकलचा शब्द त्यात नव्हता.

मी अजून वर जातो. किल्ली नाही, पण कुदळ माझी स्वतःची आहे. बर्फ वितळल्यावर पहिल्या आठवड्यातच मी ते तीन चर उघडले. लाकडं कुजली होती, नवी तासली. सायकलचं चाक अडकू नये म्हणून फट जरा अरुंद ठेवली आणि लाकडं आणखी तिरकी घातली. असंही करता येतं. जूनमध्येच हे मला सुचायला हवं होतं, आणि त्याला मला विचारणं सुचायला हवं होतं.

आणि सातव्या वळणावर मी फोन लावतो. दर खेपेला.

"तिसऱ्या वळणाला दरड आली आहे. माणूस जाईल, सायकल उचलावी लागेल."

"बरं," तो म्हणतो, आणि ठेवतो. नमस्कार नाही, बार्बा नाही.

"पाचव्याला मोरी तुंबली."

"बरं."

सगळा उन्हाळा असाच गेला. सप्टेंबरात दोन दिवस पाऊस कोसळला. तिसऱ्या दिवशी सकाळी मी वर गेलो, रस्ता पाहिला, फोन लावला. "सगळं ठीक आहे. कुठे काही नाही."

"बरं."

मी फोन कानाला धरून उभा राहिलो. त्याने ठेवला नव्हता. पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता.

"आणि चर?" त्याने विचारलं.

"वाहतायत."

"बरं," तो म्हणाला, आणि मग ठेवला.